चार नंबरचं कुलूप

कागदाच्या कारखान्यात सहा रोलर एका वेगाने फिरले नाहीत तर कागद फाटतो. म्हणून प्रत्येक रोलरच्या मोटरला एक कंट्रोलर असतो, आणि पहिल्याची केबल दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात, अशी ओळीने साखळी. ती जुळवणं माझं काम. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

त्या सकाळी चार नंबरचा कंट्रोलर जळाला. मी तो पॅनेलमधून काढून माझ्या खोलीत टेबलावर ठेवला, खोली बंद करून किल्ली खिशात टाकली आणि तीनची केबल थेट पाचात घातली; चौथा रोलर कागदाच्या ओढीनेच फिरला असता. चौथ्या रोलरचं बेअरिंग माझा मेहुणा बघणार होता. धाकट्या बहिणीचा नवरा, आमचा फिटर. कंट्रोलर काढल्याचं त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

साडेअकराला लॅपटॉप उघडला. पडद्यावर पाच कंट्रोलर दिसायला हवे होते. सहा दिसले. चारपुढे लिहिलं होतं : तयार नाही.

जुनी नोंद राहिली असेल म्हणून पुसली, वीज बंद करून परत दिली. पुन्हा सहा.

"साहेब, चार तर तुमच्या खोलीत आहे ना?" ऑपरेटर म्हणाला.

"केबलचा घोळ असेल. मेहुणा बाहेर आला का?"

आमच्याकडे रोलरमध्ये शिरणारा माणूस त्या कंट्रोलरचा खटका खाली ओढतो आणि त्याला स्वतःचं कुलूप घालतो. ऑपरेटरने पॅनेलवरचे पाच खटके पाहिले.

"एकही कुलूप नाही. आला असणार."

मॅनेजर घड्याळ बघत मागे उभा होता. मी 'चार वगळा' निवडलं आणि स्टार्ट दाबलं. काहीच हललं नाही. चिडून पुन्हा दाबलं.

तयार नाही.

चरफडत केबल तपासायला गेलो.

चौथ्या रोलरखालून दोन बूट बाहेर आले होते.

पाय धरून मी त्याला ओढून काढलं. मी स्टार्ट दाबलं होतं. दोनदा.

"अरे दादा, काय झालं?"

"कुलूप कुठाय तुझं?" मी ओरडलो.

"लावलं की. चारला, नेहमीच्या जागी."

त्याला दंडाला धरून पॅनेलपाशी आणलं. चारच्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्यातून मागची भिंत दिसत होती. तो बघतच राहिला. मग त्याने खिसे चाचपले. किल्ली सापडली, कुलूप नाही.

"मी खटका ओढला, दादा. या हाताने."

मी खोली उघडली.

जळका कंट्रोलर टेबलावर होता, ठेवला तसाच, एकही वायर नसलेला. खटका मात्र खाली होता. त्यात कुलूप होतं, आणि कुलपावर माझ्या भाचीने चिकटवलेलं पिवळं बदक.

त्याने किल्ली घातली आणि फिरवली. कुलूप सहज उघडलं.

भिंतीपलीकडे सहाही रोलर एकदम फिरू लागले.