तपासायला गेलं की ऊबदार होणारं घर

शीतकक्षाचे जाड दार ढकलून विभावरी इंगोले बाहेर आली, तेव्हा तिच्या भुवयांवर दंव साचले होते आणि ती हसत होती.

"किती?" प्राध्यापक गुणवंत बोबडे यांनी विचारले. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. या दिवसांत प्रयोगशाळेत चहा पिण्यापेक्षा धरण्याच्याच कामी जास्त येई.

"बाहेर उणे चार अंश, आतल्या पेटीत एकवीस. तेही एका दिव्यावर, सर."

"दिवा केवढा?"

"शंभर वॉटचा. पूर्वी घरोघरी असायचा तेवढा."

"आता मला अडाणी समजून सांगा. परवा पैसे देणारे येतील, ते हेच विचारतील."

"घर तापवायचंच नाही, हे आधी मनात धरायचं," विभावरी म्हणाली. "आपण गॅस जाळतो, खोली तापते आणि ती ऊब भिंतींतून, छपरातून, फटींतून निघून जाते. बादली गळकी आणि वरून नळ सोडलेला. मी नळाकडे बघतच नाही. भोकं बुजवते."

तिने टेबलावरचा गोधडीसारखा जाड तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. तो कापसाहून हलका होता.

"यातल्या पोकळ्या इतक्या बारीक आहेत की हवेला हलायला जागा नाही. हवा हलली नाही की ऊब पुढे सरकत नाही. आणि आतला चकचकीत थर आरशासारखी ऊब माघारी पाठवतो. म्हणून नाव ऊबदर्पण."

"सगळं बुजवल्यावर माणूस गुदमरला तर?"

"त्यासाठी श्वासपेटी. शिळी हवा एका नळीतून बाहेर, ताजी दुसरीतून आत, आणि दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटून. जाणारी हवा आपली ऊब येणारीच्या हवाली करून जाते. दहा माणसांपुरती हवा सहज पुरते. ओट्यावर धुराची नळी वेगळी."

"आणि गॅस?"

"हिशेबाप्रमाणे एका माणसाच्या घराला पूर्वीच्या गॅसचा चौथा हिस्सा लागेल."

बोबड्यांनी मान हलवली. "चौथा हिस्सा खरा ठरला तरी लोक तुमच्या पाया पडतील, बाई."

ते खोटे नव्हते. दक्षिणेकडच्या समुद्रात ज्वालामुखी फुटला त्याला तीन वर्षे झाली होती. त्याची बारीक राख अजून आभाळात फार उंचावर तरंगत होती आणि ऊन पाणी घातलेल्या दुधासारखे पडत होते. ज्या वऱ्हाडात लोक एप्रिलमध्ये वाळ्याच्या ताट्या भिजवून जीव वाचवत, तिथे आता जानेवारीत सिलिंडर संपला की घराचा चेहरा उतरे. घरे सगळी उन्हाळ्यासाठी बांधलेली, उंच छपरांची आणि वारा खेळावा म्हणून ठेवलेल्या झरोक्यांची. विजेचा पुरवठा दिव्यापुरता, आणि डोंगरावर लाकूड तोडायला बंदी. उरला तो बाटलीतला गॅस. मागणी वाढली तसा त्याचा भाव चढत गेला.

विभावरीला मात्र सगळ्या वऱ्हाडापेक्षा एका घराची घाई होती. चिखलदऱ्याला तिची वेणूमावशी एकटी राहत होती. विभावरीच्या लहानपणीच तिची आई गेली; तिला वाढवले ते या मावशीने. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या मावशीचे सगळे पेन्शन आता हीटरच्या तोंडी जात होते. एक सिलिंडर तीन दिवसही पुरत नसे. नागपूरला असलेल्या मुलाने, शिरीषने, सांगून टाकले होते की संक्रांत झाली की तो गाडी घेऊन येणार आणि आईला कायमची घेऊन जाणार.

"त्याचंही चुकत नाई," मावशी फोनवर म्हणाली होती. "पण चौदाव्या माळ्यावर बसून मी करू काय? कबुतरं मोजू?"

म्हणून ऊबदर्पणाची पहिली खरी चाचणी मावशीच्या घरातच करायची असे ठरले.

विभावरी, बोबडे आणि चार तंत्रज्ञ असे सहा जण अमरावतीहून सामान घेऊन डोंगर चढून गेले. भिंतींना आणि छपराला आतून अस्तर लागले, झरोके बुजले, श्वासपेटी घुमू लागली. मग खोल्याखोल्यांत तापमापके लावून सगळे मुक्कामालाच बसले. मावशीने आल्या दिवशीच सांगून ठेवले की माझ्या घरी डबा आणला तर बाहेर फेकीन. सकाळी पोहे, दुपारी पाटोडीचा रस्सा आणि भाकरी, संध्याकाळी पिठलं, आणि मधल्या वेळात चहा. नको म्हणायची सोय नव्हती. एकाने "चहा कमी घेतो" म्हटले तर मावशीने विचारले, "काहून, डॉक्टरनं सांगतलं की बायकोनं?"

आठवडा संपला तेव्हा बोबड्यांनी आकडे दोनदा वाचले. बाहेर शून्याच्या आसपास आणि घरात सतत एकवीस. हीटर एकदाही पेटला नव्हता.

"चौथा हिस्सा म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते," विभावरी म्हणाली. "कापड हिशेबापेक्षा चांगलं निघालं, सर."

निकाल वाईट आला असता तर त्या दोघांनी कारण सापडेपर्यंत अन्न गोड लागू दिले नसते. निकाल चांगला आला, म्हणून पेढे आणले.

गॅसवाटपाचा एक नियम होता. ज्या घराला उबेसाठी गॅस लागत नाही असे सिद्ध होईल, त्याने हीटरचा वाटा परत करायचा. तो गरजू घराला जाई आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत परत मिळत नसे. विभावरीने मावशीला सही करायला सांगितले. मावशीने आनंदाने केली. वाटपवाल्यांनी हीटर काढून नेला. स्वयंपाकाचा सिलिंडर तेवढा राहिला. मावशीने शिरीषला फोन करून सांगितले की गाडीचे पेट्रोल वाया घालवू नकोस.

पथक अमरावतीला पोचून दोन दिवस होतात न होतात तोच मावशीचा फोन आला.

"विभा, तुह्या आरशाले काही झालं का गं? अकरा दाखवून रायलं."

"अकरा? कुठं एखादं दार उघडं असेल."

"दार मी उघडून बसू का या थंडीत? दोन रजया घेऊन बसली आहो."

सगळे पुन्हा डोंगरावर गेले. विभावरीने एकेक सांधा बोटाने चाचपला. अस्तर जसेच्या तसे होते, श्वासपेटी ठीक होती. संध्याकाळपर्यंत पारा अठरावर आला आणि दुसऱ्या दिवशी एकवीसवर जाऊन थांबला. बिघाड सापडलाच नाही. मग मंडळी उतरली, आणि परत अकरा.

"दवाखान्यात गेलं की दाढ दुखायची थांबते, तसं आहे हे घर," बोबडे म्हणाले.

विभावरीला हसू आले नाही. संक्रांत जवळ आली होती. मावशीला आता खोकला लागला होता आणि तो तिने फोनवर लपवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो विभावरीच्या मनाला जास्तच लागला. तिच्या सांगण्यावरून मावशीने हीटर सोडला होता. उद्या म्हातारीला काही झाले तर कापडाला कोण दोष देणार होते?

तिसऱ्या फेरीला तिने ऊष्मानेत्र सोबत घेतले. या दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिले की थंड वस्तू निळी दिसते आणि ऊबदार पिवळी. भिंतीतून ऊब कुठे गळत असेल तर तिथे आतून गडद निळा ओघळ दिसायला हवा होता. तिने पहिली खोली पाहिली, दुसरी पाहिली, छप्पर पाहिले. सगळीकडे एकसारखा फिकट निळा रंग. कुठेही ओघळ नाही.

"बास झालं तुहं, ताट थंड होऊन रायलं," स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली.

यंत्र डोळ्यांवरून न काढताच विभावरी वळली. समोर पाटांवर पंगत बसली होती. यंत्रातून माणसांची तोंडे ओळखू येत नव्हती. निळ्या खोलीत ओळीने पाच पिवळ्याधमक आकृत्या, त्यांच्यापुढे वाफाळणारे पाच ठिपके, आणि ओट्यापाशी वाकलेली सहावी आकृती. तिच्यामागे तव्याचा पांढरा गोळा.

एकवीस अंश कुठून आले होते ते समोरच जेवत होते.

विभावरीने यंत्र डोळ्यांवरून काढले.

"काय दिसलं?" बोबड्यांनी घास हातात धरून विचारले.

"सर, बसलेला माणूस किती ऊब टाकतो?"

"साधारण शंभर वॉट..." ते बोलता बोलता थांबले. घास ताटात गेला. "अरे देवा. आपण सहा जण. आणि मावशी."

"सात दिवे. शिवाय सात जणांचा तीन वेळचा स्वयंपाक. आपण हीटरचा गॅस मोजला, चुलीचा नाही. घर मोजलं, घरात बसलेले आपण नाही. कापड हिशेबाइतकंच चांगलं आहे, तसूभर जास्त नाही. मावशी एकटी असली की तिला अजून चौथा हिस्सा गॅस लागतो, आणि तो..."

"तो आपण परत करून टाकला," बोबड्यांनी वाक्य पुरे केले.

मावशी भाकरी उलटत सगळे ऐकत होती. तिने गॅस बारीक केला.

"म्हणजे तुमी आले की घर तापते, अन् गेले की निवते."

"हो, मावशी. चूक माझी आहे. मी शिरीषदादाला स्वतः फोन करते. तू हिवाळाभर नागपूरला..."

"थांब. मले आधी सांग, माणूस शिकलेलाच लागते का?"

विभावरीला कळेना. "कशाला?"

"ऊब द्याले. का कोणताही चालते?"

बोबडे मोठ्याने हसले आणि मग एकदम गंभीर झाले. विभावरीने खिशातून पेन काढले, पण लिहायची गरज पडली नाही. हिशेब तोंडी होता. एका माणसाच्या घरात ऊबदर्पण लावले तर तीन हिस्से गॅस वाचतो. सात माणसांच्या घरात लावले तर त्या घराचा सगळा वाचतो, आणि ज्या घरांतून ती माणसे आली त्यांचेही हीटर बंद राहतात. घरामागे वाचणारा गॅस मोजण्यात तिची दोन वर्षे गेली होती. मोजायला हवा होता माणसामागे वाचणारा.

"कोणताही चालतो, मावशी," ती म्हणाली. "फक्त जिवंत हवा."

"मग झालं तं. कासदेकर गुरुजी तिकडं एका खोलीत कानटोपी घालून बसून रायले. डहाके वहिनीचा सिलिंडर कालच संपला. तिची नणंदही हाय, पण ते घोरते लई."

"घोरणाऱ्याची ऊब कमी नसते," बोबडे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी दोन गल्ल्या फिरली. निमंत्रण साधे होते: अंथरूण आपले आणा, चहा माझा, भांडण करायचे असेल तर दुपारी करा. पहिले आले कासदेकर गुरुजी. शाळेत मुलांना थंड पाण्याने आंघोळ करायला लावणारा हा माणूस दारातच म्हणाला, "मी फक्त बघायला आलोय." संध्याकाळी त्यांची गादी आली. मग डहाके वहिनी आल्या, नणंद आली, पुढच्या गल्लीतले एकटे राहणारे एक जोडपे आले. रिकाम्या झालेल्या घरांतले हीटर थंड पडले आणि स्वयंपाकाचे सिलिंडर मावशीच्या ओट्याखाली जमा झाले.

या वेळी विभावरीने पथकाला आधी खाली पाठवले आणि स्वतःही गेली. घरात राहून मोजायचे नाही, हे ती शिकली होती. या वेळी तापमापके दुरून आकडे पाठवतील अशी सोय तिने करून ठेवली होती; ते तिने अमरावतीतल्या पडद्यावर पाहिले. पहिल्या संध्याकाळी चौदा, नंतर सतरा, आणि मग वीस. वीसवर रेष आडवी झाली आणि आडवीच राहिली. फोनवर मावशीचा खोकला आता ऐकू येत नव्हता. मागे कोणीतरी पत्त्यांत लबाडी केल्याचा आरोप मात्र स्वच्छ ऐकू येत होता.

विभावरीने पडद्यावरून नजर काढली आणि कितीतरी दिवसांनी खुर्चीला पाठ टेकली.

संक्रांत झाली आणि शिरीष आलाच. आईचा फोन खरा की समजूत घालायला केलेला, हे त्याला कळत नव्हते. सोबत त्याची बायको होती आणि रिकाम्या बॅगा होत्या. सामान न्यायला मदत म्हणून विभावरीही येऊन थांबली होती. तिने त्याला अडवायचे नाही असे ठरवले होते. घर आपली बाजू मांडेल, नाही मांडली तर ते खरे नाही.

दार उघडून शिरीष आत आला. खोलीभर माणसे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. त्याने आधी कानटोपी काढली, मग मफलर, आणि आईशी दोन वाक्ये बोलून होईतो स्वेटरही.

"आई, इथं तर चांगलं गरम आहे. हीटर कुठं लपवलास?"

"हे काय, तुह्यासमोर बसले नं," मावशी म्हणाली. "गुरुजी जरा जुना हाय, पण चालते."

गुरुजींनी शेंग सोलता सोलता मान वर केली. "तुम्ही आईला घेऊन गेलात तर आमचे दोन अंश जातील. मी मोजले आहेत."

शिरीषने विभावरीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. "खरं आहे, दादा. एक माणूस उणा, तर जवळजवळ दोन अंश उणे. आणि चौदाव्या माळ्यावर मावशी एकटी दिवसभर बसली, तर तिथंही एकच दिवा."

त्याने बॅगा भिंतीशी सरकवल्या आणि शेंगांच्या ढिगापाशी मांडी घातली. त्याची बायको आधीच सोलायला बसली होती. श्वासपेटी एकसुरात घुमत होती. थोड्या वेळाने डहाके वहिनींनी पदराने वारा घेतला, नणंदेने शाल बाजूला टाकली, आणि राखेच्या त्या तिसऱ्या हिवाळ्यात भिंतीवरचा आकडा सव्वीसवर गेला.

"शिरीष," मावशीने विचारले, "जेवाले थांबून रायला ना?"

"थांबतो."

"रातच्यालेही?"

शिरीषने बायकोकडे पाहिले. "राहतो की. दोन दिवस."

"मग उठ," मावशी म्हणाली, "अन् ती वरची खिडकी उघड. दोन माणसं जास्त झाली."