पंखा शांत झाला त्या दुपारी

दारावरची बेल वाजली तेव्हा माझा लॅपटॉप नेहमीसारखा किंचाळत होता आणि मीही किंचाळण्याच्या बेतात होते. दार उघडलं तर समोर एक उंच, सडपातळ मुलगा. गळ्यात भलामोठा हेडफोन, आणि चेहऱ्यावर तक्रार करायला आलेल्या भिडस्त माणसाचं हसू. शेजारच्या रिकाम्या घरात कोणीतरी राहायला आलंय, एवढं आईकडून कळलं होतं.

"माफ करा... तुमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर चालू आहे का?"

"नाही."

"मग मिक्सर?"

"नाही. लॅपटॉप आहे."

मी थट्टा करतेय की काय, ते त्याला ठरवता येईना. मग त्याने मान जराशी वाकडी करून आतल्या खोलीकडे कान दिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "अच्छा. मग तो रडतोय."

मला हसू आलं. इथेच माझं चुकलं. तक्रार करायला आलेल्या माणसापुढे हसायचं नसतं, तो परत परत येतो.

हा लॅपटॉप म्हणजे गेमिंग लॅपटॉप. मी गेम खेळत नाही. अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवते, म्हणजे जिन्यावर सकाळचं ऊन कसं उतरेल, गच्चीतून काय दिसेल, ते सगळं आधीच दाखवायचं. त्याला दणकट प्रोसेसर लागतो, म्हणून हा रंगीबेरंगी दिव्यांच्या कीबोर्डचा गडी घरात आणला. मला दिवसभर खेळायचा पगार मिळतो, असा आईचा अजून समज आहे. गडी दणकट होता, पण डोक्याचा तापट. रेंडर सुरू केलं, म्हणजे त्या चित्रांची फिल्म तयार करायला लावली, की थोड्याच वेळात तापमान नव्वदच्या पुढे जायचं, आणि मग प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला स्वतःच हळू व्हायचा. वेग निम्मा, पंख्याचा आक्रोश दुप्पट, आणि पडद्यावरची रेंडरची पट्टी ढिम्म हलायची नाही. मी खाली पुस्तकं ठेवून पाहिली, पंख्यांचं स्टँड घेतलं, टेबलफॅन लावला. आई येता-जाता म्हणायची, "लॅपटॉप आहे की इस्त्री?"

शेजारी कादंबऱ्यांची ऑडिओ पुस्तकं बनवायचा. मागच्या खोलीच्या भिंतींना जाड ब्लँकेटं लावून त्याने रेकॉर्डिंगची खोली केली होती. नेमकी तीच भिंत माझ्या खोलीची. ब्लँकेटं काही माझ्या पंख्याला दाद देत नव्हती. माझ्यामुळे त्याची नायिका विमानतळावर उभी राहून प्रेम करतेय असं वाटतं, हे त्याने मला फार जपून, शब्द निवडत सांगितलं.

शेवटी तोडगा निघाला. त्याने भिंतीवर टकटक केली की मी रेंडर थांबवायचं, परत टकटक झाली की सुरू करायचं. मजा म्हणजे त्या थांबण्यात लॅपटॉपला निवायला वेळ मिळायचा आणि पुढचं काम सुसाट व्हायचं. मी टकटकीची वाट पाहायला लागले. लॅपटॉपसाठी, असं मी स्वतःला रोज बजावायचे. मधल्या वेळात तो चहाला यायचा, आईशी गप्पा मारायचा, आणि निघताना दारात उगाच रेंगाळायचा...

आणि मग मी तो आवाज ऐकला.

टकटक झाली होती. मी रेंडर थांबवलं, पंखा मंदावला, खोली शांत झाली आणि भिंतीतून एका बाईचा आवाज झिरपू लागला. "तू येणार हे मला पावलांच्या आधी कळतं..." ती वाचत होती. आवाज कसला, मध होता मध. सावकाश, जाडसर, शेवटच्या अक्षरावर किंचित रेंगाळणारा. आत तो आणि ती, दोघंच. दार बंद, भिंतींना ब्लँकेटं, आणि ती त्याला सांगतेय की तू येणार हे मला आधीच कळतं.

म्हणजे तो टकटक करायचा ती मी गप्प बसावं म्हणून, आणि मी गप्प बसायचं ते तिने बोलावं म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून मी तिचं नाव मध ठेवलं. आईने तर कहर केला. तिने आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि रोज दुपारी विणकाम घेऊन तिथेच बसायला लागली. "काय गोड वाचते गं पोरगी," म्हणायची. घरभेदी कुठली.

आवाज गोड असला की माणूस दिसायला यथातथाच असतो, अशी मी मनाची समजूत घातली होती. मग एकदा जिन्यात गाठ पडली. देवाला न्यायबुद्धी नाही एवढंच म्हणते. वर ती हसून म्हणाली, "तुम्ही शेजारच्या ना? तुमचा पंखा आमच्यात फार प्रसिद्ध आहे." आमच्यात! ते 'आमच्यात' मला पुढचे कितीतरी दिवस पायात काच रुतावी तसं टोचत होतं.

एकदा चहा देताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दिवसभर एवढं प्रेम कानात घेऊन डोकं नाही का दुखत?

"मी शब्द ऐकतच नाही," तो म्हणाला. "श्वास ऐकतो. कुठे जास्त आला, कुठे ओठ वाजले..."

"ओठ?"

"हो. कोरडे पडले की वाजतात. मग पाणी द्यायचं."

त्याच्या मते यात काहीच नव्हतं. मी मात्र त्या दिवशी इमारतीच्या गच्चीला दारच ठेवायला विसरले.

मग एक दिवस तो उदास चेहऱ्याने आला. चहाचा कप नुसता फिरवत बसला. शेवटी सांगितलं: दुसऱ्या शहरात एक नवा, मोठा स्टुडिओ निघालाय, मध तिथे जाणार आहे आणि तिने याच्यासाठीही नोकरी मिळवून ठेवली आहे. दुहेरी भिंती, शेजारी नाही, आवाज नाही. आठवड्याच्या शेवटी उत्तर द्यायचंय. इथे त्याची गाडी पुढे सरकत नव्हती. टकटक करत करत पुस्तक अर्ध्यावरच होतं, आणि प्रकाशक घाई करत होते.

"इथे शांतता असती तर राहिलो असतो," तो म्हणाला. "ही खोली मला आवडते."

"खोली?"

"खोली... आणि आजूबाजूचं."

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. लॅपटॉप असाच ओरडत राहिला तर मध जाणार, पण त्याला घेऊन जाणार. लॅपटॉप गप्प केला तर तो राहील, पण पुस्तक संपेपर्यंत मधही रोज दुपारी येणार, बंद दाराआड, ओठ वाजवत. त्याला ठेवायचं तर तिच्यासकट ठेवायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी आड निवडला.

"उद्या हा उघडू या," मी म्हटलं. "लॅपटॉप. आतून साफ करू. तुमच्याकडे बारीक स्क्रू-ड्रायव्हर असतील ना?"

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. खिडकीवरच्या पत्र्यावर असा वाजत होता की रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं, त्यामुळे मध आली नाही. हा पाऊस मला मनापासून आवडला. तो माइक दुरुस्त करायची हत्यारं घेऊन आला. टेबलावर चादर पसरून आम्ही लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू क्रमाने मांडले, झाकण काढलं. हवा जायच्या जाळीत धुळीचा गालिचा बसला होता. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट तर वाळून खपली झाली होती. हवा बाहेर पडणार कुठून आणि बिचारा निवणार कसा.

त्याने टॉर्च धरला. मी जुनी पेस्ट पुसली आणि मधोमध नव्या पेस्टचा मसुराएवढा थेंब ठेवला. दोघांची डोकी एवढी जवळ होती की त्याच्या केसांना पावसाचा वास येतोय, हे मला कळत होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो हळूच म्हणाला, "तुम्ही श्वास धरून ठेवलाय."

"थेंब पसरेल म्हणून."

"थेंब ठेवून झाला मघाशीच."

मी श्वास सोडला. टॉर्चचा उजेड जरासा हलला. त्याने नजर खाली वळवली, पण हसू लपवता आलं नाही त्याला.

झाकण लावून लॅपटॉप सुरू केला. प्रोसेसरचा सगळ्यात वरचा वेग मी एका सेटिंगमधून थोडा कमी केला. ऊर फुटेस्तोवर धावून धापा टाकण्यापेक्षा बेताने धावलेलं बरं, वेळ तेवढाच लागतो. मग सर्वात जड रेंडर लावलं. आकडा चढला, पंचाहत्तरपाशी आला आणि तिथेच थांबला. पंख्याची नुसती गुणगुण. पाऊस जरा थांबला तसा त्याने भिंतीपलीकडे जाऊन कान लावून पाहिलं आणि लहान मुलासारखा पळत आला.

"काहीच ऐकू येत नाही! तिला आत्ताच कळवतो. उद्या सलग दोन प्रकरणं होतील."

माझं तोंड एवढंसं झालं. टॉर्च, थेंब, केसांचा वास, सगळं तिच्या दोन प्रकरणांसाठी. तो जिन्यातच फोनवर बोलायला लागला होता. मी स्क्रू-ड्रायव्हर पुसून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. टकटक झाली नाही, गरजच उरली नव्हती. माझं रेंडर आपोआप सरकत होतं आणि भिंतीतून मध अखंड झिरपत होता. कादंबरीतला निरोपाचा प्रसंग होता. मला करायला काहीच काम नव्हतं. लॅपटॉपशी बोलायची सवय मला होती. पंख्याच्या गोंगाटात मी त्याला रोज मनातलं सांगायचे, माझं मलाही ऐकू यायचं नाही. आजही सुरुवात केली.

"झालास ना थंड? शहाणा. तू निवलास आणि मी तापलेय. ती मध, आणि आम्ही कोण, एरंडेल? ओठ ऐकतो म्हणे मेला. मी इतके दिवस समोर बसून चहा देतेय, माझे ओठ नाही वाजत कधी. जा म्हणावं. तुझ्या त्या दुहेरी भिंतींच्या गावाला खुशाल जा तिच्याबरोबर..."

मी कीबोर्डवर बोट फिरवत राहिले आणि अगदी हळू म्हटलं, "जाऊ नको म्हणावं."

मग माझ्या लक्षात आलं, की भिंतीपलीकडे मध वाक्याच्या मध्येच थांबली आहे. कधीपासून, कोण जाणे. आईने विणकामातून मान वर केली.

"पंखा गप्प आहे गं आज," ती म्हणाली.

इतके दिवस माझी बडबड ज्याने झाकली होती, त्यालाच मी स्वतःच्या हाताने गप्प केलं होतं. आपला आवाज पलीकडे जात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पलीकडे असा माइक होता, ज्याला कोरडे ओठसुद्धा ऐकू येतात. मी उठून कुठे लपावं याचा विचार करत असतानाच बेल वाजली. आई जागची हलली नाही. दार मलाच उघडावं लागलं.

त्याचे कान लाल झाले होते. हेडफोन गळ्यात तसाच, वायर लोंबत.

"रेकॉर्डिंग खराब झालं," तो म्हणाला. "नायिका विचारते, मला विसरशील का... आणि लगेच 'एरंडेल' ऐकू येतं."

"किती ऐकलंत?"

"सगळं. पण शेवटचं वाक्य फार बारीक आलंय. ते परत घ्यावं लागेल."

"ते मी लॅपटॉपला म्हणत होते."

"लॅपटॉप कुठे चाललाय?"

मान खाली घालून मी त्याच्या लोंबणाऱ्या वायरकडे बघत राहिले. हसण्यावारी नेता आलं असतं. उद्यापासून तोंड बंद ठेवते, असं काहीतरी म्हणून दार लावता आलं असतं. आठवड्याच्या शेवटी त्याने सामान बांधलं असतं, आणि मी कितीतरी दिवस त्या गप्प भिंतीशी भांडत बसले असते. ते मला नको होतं. मला तो हवा होता. मधाशिवाय मिळाला तर उत्तम, पण तो हवाच होता.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. या वेळी स्पष्ट, आणि त्याच्याकडे बघून.

त्याने लोंबणारी वायर बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "काल तू श्वास धरलास ना, तेव्हाच मी इथे राहायचं ठरवलं होतं. पण तो पेस्टसाठी होता म्हणालीस. मग मी घाबरलो, आणि तिला फोनच लावून बसलो."

"आता तिला कोण सांगणार?"

"तिला कळलंय," पलीकडच्या उघड्या दारातून तोच जाडसर, मधाळ आवाज आला. "इथे माइक अजून चालू आहे, आणि दुसरा हेडफोन माझ्याच कानात आहे. नोकरी दुसऱ्या कोणाला तरी देते मी. पण पुस्तक संपेपर्यंत रोज येणार आहे हं, दोघांनी सवय करून घ्या."

वाक्याच्या शेवटी ती नेहमीसारखी किंचित रेंगाळली. खोटं कशाला बोलू, तेव्हाही तो आवाज गोडच होता आणि तेव्हाही मी जळलेच. पण त्याने तिकडे वळून पाहिलं नाही. माझा हात हातात घेतला आणि माझ्याकडेच बघत उभा राहिला.