ब्लोअरमधला हातमोजा

मी मशीनचा माणूस आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही पूर्ण नाही. पण त्या दिवशी मी तिथे होतो. शुद्धीत होतो. आणि ट्रॅक्टरची चावी माझ्याच खिशात होती.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा.

माझं नाव सतीश. मूळचा पुण्याचा. हडपसरला ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नऊ वर्षं काढली, मग दुबईला आलो. इथे एक इनडोअर स्नो हॉल आहे, नाव सांगत नाही. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत उणे तीन. लोक पोरांना घेऊन बर्फात खेळायला येतात. तिथल्या सगळ्या मशीनची जबाबदारी माझ्याकडे.

दिवस आठवतो. ऑगस्टमधला मंगळवार. दुपारची वेळ.

हो, दुपारची. रात्र नव्हती.

त्या आठवड्यात हॉल तीन दिवस बंद ठेवला होता, तळाचा बर्फ काढायला. वरचा बर्फ रोज ताजा पडतो, पण खालचा थर कित्येक वर्षांचा. दगडासारखा घट्ट, राखाडी. त्यात काय काय दबलेलं असतं, ते सांगितलं तर तुम्ही आपल्या पोरांना तिथे नेणार नाही. च्युइंगगम. जखमेवरून निघालेल्या पट्ट्या. बाळाचं डायपर. कुणीतरी केलेली उलटी, जशीच्या तशी गोठलेली, आतला मक्याचा दाणा न् दाणा दिसतो. गोठलंय तोवर वास येत नाही. पण ब्लोअरने ते ढवळलं की जो भपकारा येतो...

पहिल्या दिवशी मी दोनदा ओकलो.

ट्रॅक्टर चालवायला बेसिल अंकल होते. वसईचे, वय त्रेपन्न, बारीक चणीचे. दुबईत वीस वर्षं काढलेली. बायको ओल्गा इथेच एका हॉटेलच्या लाँड्रीत. आमच्याकडे त्यांच्याइतका जपून मशीन चालवणारा दुसरा कोणी नव्हता.

ब्लोअर कसा असतो ते थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा लोखंडी जबडा समजा. त्यात आडवा मोठा स्क्रू, त्याला ऑगर म्हणतात. तो बर्फ आत ओढतो. त्याच्या मागचा पंखा तो बर्फ वरच्या नळीतून लांब फेकतो. दोन्ही फिरतात ट्रॅक्टरच्या इंजिनवर, पीटीओ शाफ्टने, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून निघणाऱ्या फिरत्या दांड्याने. आपल्याकडे रोटाव्हेटर चालतो ना, तसंच.

आणि ऑगरला एक शिअर बोल्ट असतो. मुद्दाम मऊ लोखंडाचा. ऑगरमध्ये काही अडकलं की तो तुटतो आणि ऑगर मोकळा होतो. दहा दिरहॅमचा, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे रुपयांचा बोल्ट तुटतो आणि अख्खा गिअरबॉक्स वाचतो. तो तुटल्यावर इंजिन कितीही रेस करा, ऑगर फिरत नाही. फिरूच शकत नाही.

हेही लक्षात ठेवा.

सकाळी अकराला पहिला बोल्ट तुटला. मागच्या कोपऱ्यात, जिथे थर सगळ्यात जुना होता.

बेसिल अंकलनी नियमाप्रमाणे सगळं केलं. पीटीओ बंद. इंजिन बंद. चावी काढून माझ्या हातात. सगळं फिरायचं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग लाकडी काठीने अडकलेला बर्फ काढायला लागले. हात कधीच घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही.

काठीच्या टोकाला काहीतरी लागलं.

एक हातमोजा होता.

आमच्याकडे भाड्याने देतो ते हातमोजे निळे, नायलॉनचे. हा राखाडी लोकरीचा होता, घरी विणल्यासारखा. तळव्यावर चामड्याचं ठिगळ. डाव्या हाताचा. ऑगरच्या दातांत सापडूनही एक धागा तुटलेला नव्हता.

"कुणा टूरिस्टचा असेल," मी म्हटलं.

बेसिल अंकलनी तो उचलला... आणि लगेच बादलीत टाकला.

"काय झालं?"

"सतीश, हात लावून बघ."

मी लावला. उणे तीन डिग्रीत, बर्फाखालून निघालेला हातमोजा...

आतून गरम होता.

गरम आणि ओला. आत्ताच कुणीतरी घामट हातातून काढून दिल्यासारखा.

मी हात पँटला पुसला. नवा बोल्ट घातला. इंजिन सुरू केलं, कमी आरपीएमवर पीटीओ टाकला, मग हळूहळू वेग वाढवला.

साडेबाराला दुसरा बोल्ट तुटला. तोच कोपरा.

या वेळी दोन हातमोजे. दोन्ही राखाडी. दोन्ही डावे. दोन्ही गरम.

आणि वास... उन्हात पडलेल्या कोलंबीच्या सालांचा येतो ना, तसा. बेसिल अंकल वसईचे, मासळीच्या वासाने नाक मुरडणारा माणूस नाही. त्यांनी मफलर तोंडावर ओढला.

मी काठीने एक हातमोजा उलटा केला. करायला नको होता.

आत पांढरट काहीतरी चिकटलेलं होतं. दुधावरच्या सायीसारखं, पातळ, सुरकुतलेलं. मी जवळून पाहिलं. त्यावर रेषा होत्या. बारीक, गोल गोल. बोटांच्या ठशांच्या रेषा.

फोड फुटल्यावर कातडी निघते, तशी ती अख्ख्या हाताची कातडी होती.

तेवढ्यात अनिल सर आले. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. दारातूनच ओरडले, "क्या हो रहा है सतीश? परसों ओपनिंग है!"

"सर, बोल्ट तुटतायत. त्या कोपऱ्यात काहीतरी आहे."

"तो हार्ड वाला बोल्ट डालो ना. टूटेगा ही नहीं. यल्ला, खलास!"

"सर, कडक बोल्ट घातला तर तो तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल. आणि आत माणूस सापडला तर..."

"आदमी क्यों फँसेगा?"

मी बादली दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "छी! फेको ये गंदगी." आणि निघून गेले.

कडक बोल्ट मी घातला नाही. एवढं एक काम बरोबर केलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिसरा बोल्ट तुटला.

इंजिन बंद केलं. चावी माझ्या खिशात. हॉलचे मोठे पंखेही त्या दिवशी बंद होते. एकदम शांत.

आणि त्या शांततेत...

टक.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

टक... टक.

पत्र्यावर नखाने वाजवल्यासारखं. ब्लोअरच्या आतून.

"लोखंड थंड होतंय," मी म्हटलं. मलाच ते पटलं नाही.

बेसिल अंकलनी काठी आत घातली. दोन हातमोजे निघाले. ते बादलीत टाकले. पुन्हा काठी घातली.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "पण येत नाहीये. अडकलाय."

त्यांनी काठी ओढली.

काठी बाहेर आली नाही.

ती आत गेली.

वीतभर. सावकाश. कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून आपल्याकडे ओढावी तशी. बेसिल अंकलनी काठी सोडायला हवी होती. पण एखादी वस्तू हातातून ओढली की माणूस आपोआप घट्ट धरतो. एक हिसका बसला आणि ते पुढे कोसळले. डावा हात कोपरापर्यंत आत गेला.

"सतीश!"

मी त्यांचं जॅकेट धरलं. ओढलं. हात निघेना.

आणि मग ऑगर फिरायला लागला.

इंजिन बंद होतं. चावी माझ्या मांडीला टोचत होती. बोल्ट तुटलेला होता. म्हणजे इंजिन चालू असतं तरी तो फिरला नसता. पण तो फिरत होता. मशीन फिरवते तसा नाही... कुणीतरी हाताने फिरवावा तसा. थोडा थांबायचा. पुन्हा थोडा.

त्याचा दात बेसिल अंकलच्या दंडाकडे येत होता.

ते ओरडत नव्हते. तेच जास्त भयानक होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू तोंडात काहीतरी सडकं गेलंय आणि थुंकता येत नाहीये.

बाजूला बर्फ फोडायची पहार पडली होती. मी ती उचलली आणि ऑगरच्या पात्यांत घातली. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही मशीनशी असं वागलो नाही. पहारेवर सगळं वजन टाकलं. आत काहीतरी कडकन् तडकलं. ऑगर थांबला.

आणि बेसिल अंकलचा हात सुटून बाहेर आला. आम्ही दोघे पाठीवर पडलो.

हाताला जखम नव्हती. ओरखडाही नाही. फक्त त्यांचा स्वतःचा काळा ग्लोव्ह गेला होता. आणि बोटांपासून कोपरापर्यंत ती पांढरी साय लागलेली होती. ते बर्फाने घासत होते, घासत होते, आणि ती लांबत होती. तारेसारखी.

मी त्यांना ओढत बाहेर आणलं. गरम हवेत आल्यावर तो वास इतका उठला की दारातला सिक्युरिटीवाला मागे सरला.

"कुणी धरलं होतं का हात?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

हात जॅकेटला पुसत म्हणाले, "धरला नव्हता, सतीश. घातला होता."

"म्हणजे?"

"ग्लोव्ह घालतात ना. तसा. कुणीतरी आतून माझ्या हातात हात घातला. एकेक बोट करून. नीट बसतोय का बघत होता."

अंगावर काटा आला वगैरे नाही म्हणणार मी. मला किळस आली.

तासाभराने अनिल सरांसमोर ब्लोअर पूर्ण उघडला. आत बर्फ होता. बाकी काही नाही. काठीसुद्धा नाही. बादलीत हातमोजे नव्हते. राखाडी पाणी होतं आणि त्यावर साय.

"ड्रेन का पानी है," अनिल सर म्हणाले. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, ऑपरेटर घसरून पडला. ब्लोअर कुठून आला होता ते मी जुन्या फाइलमध्ये शोधलं. सेकंड-हँड. कंटेनरमधून खोर फक्कान बंदरात उतरलेला. आधीच्या मालकाच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी अल बर्शाला घरी आलो, दोनदा अंघोळ केली. माझी शुभ्रा सहा वर्षांची. रोज पळत येऊन बिलगते. त्या दिवशी अर्ध्यात थांबली.

"बाबा, यू स्मेल यकी."

शोभनाने, माझ्या बायकोने, कपडे पिशवीत बांधून थेट कचऱ्यात टाकले.

बेसिल अंकल क्लिनिकमध्ये गेले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण तो हात कायम ओला राहायचा. ओल्गा आंटींनी एकदा मला फोन केला. म्हणाल्या, "सतीश, मी लाँड्रीत काम करते, बाबा. लोकांच्या चादरींवर काय काय बघते, तुला काय सांगू? पण ह्यांच्या उशीचा अभ्रा मला धुववत नाही."

ऑक्टोबरमध्ये दोघे वसईला परत गेले, कायमचे. नाताळात मी फोन केला. बेसिल अंकल बरे वाटले. घरामागे केळी लावल्यात म्हणाले. मी हाताचं विचारलं.

त्यांचा आवाज खाली आला.

"सकाळी मी डोळे उघडतो ना," ते म्हणाले, "तेव्हा तो आधीच उठलेला असतो. चादर चाचपत असतो. मी बघत पडून राहतो. मग कधीतरी तो माझा होतो."

त्यानंतर मी त्यांना फोन केलेला नाही. लाज वाटते सांगायला, पण फोन कानाला लावला की मला तो वास येतो.

ब्लोअर कंपनीने दुरुस्त करून विकायला काढला. फेब्रुवारीत एक ट्रेलर आला. सोबत तिशीतला एक नेपाळी ऑपरेटर होता, हसरा. विक्रीच्या कागदावर छापलं होतं, मशीन चालू स्थितीत, कोणताही दोष नाही. खाली माझी सही हवी होती.

मी सही केली.

"सर, इसमें कुछ ध्यान रखने का है क्या?" त्याने विचारलं.

मी त्याला सगळं नीट समजावलं. कमी आरपीएमवर पीटीओ टाक. घाई करू नकोस. काम झाल्यावर दोन मिनिटं रिकामा चालव, म्हणजे आत बर्फ गोठत नाही. गिअरबॉक्सचं तेल बघत जा. तो वहीत लिहून घेत होता.

"और कुछ, सर?"

मी तोंड उघडलं. अनिल सर मागे उभे होते. आणि खरं सांगतो, त्यांची भीती नव्हती. ते धूड माझ्या हॉलमधून जातंय, यातच मला सुटल्यासारखं वाटत होतं.

"बस, इतनाही," मी म्हटलं.

तो ट्रेलरवर चढला. मला हात केला. ट्रेलर गेटमधून बाहेर पडून वळला, दिसेनासा झाला.

ब्लोअर कुठल्या गावी चाललाय, हे मी त्याला विचारलं नाही.

नंतरही कुणाला विचारलेलं नाही.