पाणी कसं आहे, मामा?

सरका जवळ. तू नको, तुझ्या पायांना वास येतो. तू दाराशीच बस. कुणी आलंच तर आधी तुला नेईल, आमची सुटका.

गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो माझा जुना दोस्त, मोठ्या हॉस्पिटलातला हौदमामा. तिथं पाण्याचं एक खातं आहे. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ते घेताना माझी कवळी निसटते, म्हणून राहू दे. लकव्याचे, मोडक्या कमरेचे पेशंट मोठ्या टाकीत गळ्याइतक्या कोमट पाण्यात उतरवून चालवतात; पाणी अंगाचं ओझं उचलून धरतं. आणि न भरणाऱ्या जखमांसाठी स्टीलचा एक हौद. त्यात मोटर पाणी घुसळते, मेलेली कातडी सुटते, जखम धुऊन निघते. पेशंटला साखळीवरच्या पाळण्यात बसवून त्यात सोडायचं काम हौदमामाचं. सत्तावीस वर्षं.

तर अठरा नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. मामा कुलूप काढून आत शिरला. काम साधं होतं. हौद रिकामा करायचा, घासायचा, औषध मारायचं. सकाळी नऊला चौकशीची माणसं यायची होती.

चौकशी कसली? सांगतो ना! घोड्यावर बसून आलात का सगळे?

नियम असा, की प्रत्येक पेशंटच्या आधी पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. मामानं तो खिळ्याला टांगून ठेवलेला. कुणी विचारलं की पंजा पुढे करायचा, "हा काय माझा थर्मामीटर!" आता सत्तावीस वर्षं गरम पाण्यात आणि औषधात भिजलेला पंजा तो. उकळत्या चहाचा पेला मुठीत धरून गप्पा हाणायचा. त्याला वाटायचं, आपण बहाद्दर. बहाद्दर कसला, हात कधीचाच मेला होता.

त्यात आला एक ट्रक ड्रायव्हर. कंबर मोडलेली, खाली पायांना काहीच कळत नाही, टाचेला चिघळलेली जखम. पण गडी हसरा. आदल्या दिवशी मोठ्या टाकीत पहिल्यांदा उभा राहिला होता. बायकोला म्हणाला, "पोरीला शाळेत सोडायला चालत येतो, बघच तू."

दुसऱ्या दिवशी मामानं त्याला हौदात सोडलं.

"पाणी कसं आहे, राजे?"

"तुम्हीच सांगा मामा. माझ्या पायांना कुठं काय कळतंय?"

मामानं हात घातला. "कोमट."

दोघंही हसले. बारा मिनिटं हसत-खिदळत बसले. पाळणा वर आला तेव्हा हसणं थांबलं. पाय भाजून कातडी सुटली होती.

खात्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई धावत आल्या. "मामा, थर्मामीटर लावला होतात का?"

"लावला होता की! पाणी झक्क होतं. मी पाठ फिरवली तेवढ्यात यानंच गरम नळ सोडला."

ड्रायव्हर ओरडत होता, "मी नळाला हात लावला नाही हो!" हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, तापात बरळतोय. अकराव्या दिवशी गेला. बायकोला सांगितलं, त्याच्याच हातानं झालं. ती पोरीचं बोट धरून निघून गेली.

मामाची बोबडी वळली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. खोटं उघडं पडलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर राहतं क्वार्टर. म्हणून उद्या चौकशीच्या कागदावर सही ठोकायची, तीही खोट्यावरच, हे त्यानं पक्कं केलेलं.

असो. तर त्या सोमवारी रात्री मामानं हौदाचं बूच काढलं. पाणी हलेना. जाळीत पट्ट्यांचे तुकडे अडकले असणार. विजार दुमडून तो आत उतरला, पायरीवर बसला आणि हात खाली घातला.

मोटर सुरू झाली.

बटण बंद होतं.

पाळणा रिकामाच लोंबत होता. मग तो करकरला. जरासा खाली आला. माणूस बसला की येतो, तसा...

"मामा."

...

"उद्या काय सांगणार, मामा?"

मामानं आवाज ओळखला, ड्रायव्हरचा. पण इरसाल माणूस! म्हणाला, "तेच. नळ तू सोडलास."

"मी?"

"तू मेलास बाबा. तुझं आता काय जातंय? माझं घर जाईल."

 पाळण्याखाली पाणी घुसळत राहिलं.

"पोरगी विचारते... बाबांनी असं का केलं."

"लहान आहे. विसरेल."

ऐकलंत? असं बोलला तो. त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून.

"बरं," पाळण्यातून आवाज आला. "पाणी कसं आहे, मामा?"

मामानं हात फिरवला. "कोमट."

आरसा धुरकटला. भिंतीवरून थेंब ओघळले. दिवा दिसेना.

"नीट बघा."

"कोमटच आहे रे..."

छतसुद्धा दिसेना. वाफ... नुसती वाफ. मामा उठायला गेला.

पाय उठले नाहीत.

पाय होते. दिसत होते. पण कळत नव्हते.

"मी सोडला! नळ मी सोडला! बघितलंच नाही मी, थर्मामीटर लावलाच नाही!"

"मला कशाला सांगता?" अगदी मऊ आवाज. "उद्या त्यांना सांगा."

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. मामा तसाच बसलेला. पाणी गार. पायांवर एक फोड नाही, पण कमरेखाली टाचणी टोचली तरी कळेना. चौकशीच्या माणसांसमोर हंबरडा फोडून तो सांगत होता, "ड्रायव्हरनं नाही, मी केलं, मी!" मोठे साहेब हळहळले. "अरेरे, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला." आणि कागदावर ड्रायव्हरचाच दोष लागला. मामा आजही भेटेल त्याला खरं सांगतो. लोक "हो हो मामा" म्हणतात, त्याच्या पायांवर चादर ओढतात आणि निघतात. हसू नका रे... बरं, हसा. मीही हसलो होतो, घरी येईपर्यंत.

बाईंनी हौद उपसला. जाळीवर पातळ, पांढरट काहीतरी अडकलं होतं. एक नाही, दोन. गुडघ्यापासून बोटांपर्यंत अखंड, काढून टाकलेल्या मोज्यांसारखी. बाईंना वाटलं, ड्रायव्हरच्या पायांची कातडी. पण त्याला जाऊन दोन आठवडे झाले होते, आणि हौद त्यानंतर रोज वापरात होता.

मामाची बायको आली. तिनं त्यातलं एक उचलून उजेडात धरलं. पोटरीवर चार दातांची खूण होती, कुत्रं चावल्याची. मामाला लहानपणी कुत्रं चावलं होतं, ते तिला ठाऊक होतं. तिनं ते हळूच खाली ठेवलं आणि नवऱ्याची विजार वर सारली.

पोटरी गुळगुळीत होती. तान्ह्या बाळाची असते तशी.