झाडूरावाला शिकवलेला शब्द

आमच्या भिंगरीचं पोट त्या वर्षी तिसऱ्यांदा दुखलं, तेव्हा मी डॉक्टरांवरच चिडले. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला कुणावर तरी चिडायचं होतं.

भिंगरी म्हणजे आमची एकोणीस वर्षांची तांबडी घोडी. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, म्हणून घरात तिचा मान जास्त. आमच्या करंजमाथ्यावर मोटारींना बंदी आहे. उडत्या रिक्षासुद्धा खालच्या नाक्यावरच उतरतात. तिथून वर यायचं तर पायी किंवा घोड्यावरून. माझे बाबा भिंगरीवरून लहान मुलांना फिरवून आणतात.

त्या सकाळी ती जमिनीवर लोळत होती आणि मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडे बघत होती. नीलांबरीताई डॉक्टरांनी तिला औषध पाजलं, उभं केलं, आणि मग बाबांना म्हणाल्या, "बंडूदादा, आता स्पष्टच सांगते. पुन्हा असा पोटशूळ (पोटात उठणारी जोराची कळ) उठला, तर हिला खाली सपाटीवर पाठवावं लागेल. म्हाताऱ्या घोड्यांचा आश्रम आहे तिथे, कुरणंही चांगली आहेत."

बाबा घोडीचं अंग घासायचा खराऱ्याचा ब्रश हातात धरून नुसते उभे राहिले.

मला समजेना. आमचा तबेला सगळ्या डोंगरावर सर्वांत स्वच्छ! वर्षापूर्वी आम्ही झाडूराव हा यंत्रमानव आणला होता. तबेल्यापुढच्या आमच्या मैदानात वाळकं पान पडलं तरी तो धावत जाऊन उचलायचा. उलट शेजारच्या हमीदचाचांकडे बघा. फणसाखाली पाचोळा, त्यात लीद, वर कोंबड्या उकरतायत, सगळा पसारा. आणि त्यांचा मस्ताना घोडा मात्र कधी शिंकलासुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी आबा आले. आबा म्हणजे माझे आजोबा, आमच्या घराण्यात घोड्यांशिवाय दुसरं काही केलेला पहिला माणूस. ते मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) आहेत. चंद्रावरच्या वसाहतीत चार वर्षं राहून त्यांनी तिथल्या राखाडी धुळीत मेथी उगवून दाखवली होती. ती मेथी कडू होती, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी भिंगरीच्या कपाळावर हात फिरवला आणि म्हणाले, "यशी, एक काचेची बरणी आण. आणि हिची ताजी लीद."

बरणी लगेच मिळाली, लीद मात्र मिळेना. भिंगरीनं शेपटी उचलायचा अवकाश, झाडूराव हजर! "परिसर स्वच्छ आहे, यशीताई," असं म्हणून तो पसार. शेवटी आबांनी त्याला बोलण्यात गुंतवलं आणि मी भिंगरीमागे घमेलंच धरून उभी राहिले.

लीद बरणीत घालून आम्ही वर पाणी ओतलं, ढवळलं आणि वाट बघितली. गवताचे तुकडे वर तरंगले. तळाशी काहीतरी लाल जमत गेलं. थोड्या वेळानं मी मोजलं, तर चांगला बोटभर थर होता.

"माती!" मी ओरडले. "भिंगरी माती खाते?"

"मुद्दाम नाही खात गं. तूच बघ, तिला खायला काय ठेवलंय तिथे?"

मी मैदानाकडे बघितलं. रोजच बघत होते, पण तेव्हा कुठे दिसलं. लाल, टणक, उघडी जमीन. एक हिरवं पातं नाही. भिंगरी मान खाली घालून उरलीसुरली मुळं दातांनी ओढत होती. टाकलेला चाराही ती मातीतूनच वेचत होती. प्रत्येक घासाबरोबर थोडी माती पोटात जायची, तिथे साठायची आणि मग कळ यायची.

"पण गवत गेलं कुठे?"

"गवताला जेवायला लागतं," आबा म्हणाले. "मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. पाचोळा नि लीद हे त्यांचं जेवण. ते खाऊन ते गवताचं जेवण तयार करतात. गवत घोडा खातो आणि लीद पुन्हा मातीकडे येते. असं चक्र आहे ते. इथे वर्षभर कुणीतरी मातीच्या पुढचं ताट उचलून नेतंय. त्यात टापांनी जमीन घट्ट झाली, पाणी मुरेना, वरची भुसभुशीत माती वाहून गेली."

मी तरातरा झाडूरावाकडे गेले. "तू लीद कुठे टाकतोस रे?"

"दरीत, यशीताई."

"कुणी सांगितलं तुला?"

झाडूराव अदबीनं म्हणाला, "मी या घरात आलो, त्या दिवशीची नोंद ऐकवतो." आणि त्याच्या पोटातून माझाच आवाज आला, नाक दाबून बोललेला: "शी! ही लीद आहे. लीद म्हणजे घाण. दिसली की फेकून द्यायची, कळलं?"

माझे कान तापले. शेण त्याला आधीपासून ठाऊक होतं. शेण म्हणजे खत, असं त्याच्या शब्दकोशात लिहिलेलंच होतं. लीद हा शब्द मात्र त्याला मी शिकवला होता. म्हणजे भिंगरीला मीच आजारी पाडलं होतं. मी तिच्या गळ्यात पडून इतकी रडले की तिची आयाळ भिजली.

आबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "चंद्रावर पहिल्या आठवड्यात मीही मेथीची देठं कचऱ्यात टाकली होती. तिथली प्रमुख बाई मला म्हणाली, 'आबासाहेब, टाकलं म्हणजे कुठे टाकलं?' तिथे बाहेर हवाच नाही, तर 'बाहेर' टाकणार कुठे? प्रत्येक देठ, पाण्याचा प्रत्येक थेंब फिरून कामाला आणावा लागतो. पृथ्वीवर दरी दिसते, म्हणून आपल्याला वाटतं की टाकलं."

त्या संध्याकाळी आबांनी अंगणात खडूनं नकाशा काढला. या पद्धतीला पर्माकल्चर म्हणतात (जमीन, पाणी, झाडं आणि जनावरं एकमेकांच्या उपयोगी पडतील अशी मांडणी). नाव भारी असलं, तरी काम घमेलं-फावड्याचंच होतं.

आधी भिंगरीचा चारा गव्हाणीत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तोंड मातीला लागायला नको. पोटातली माती निघावी म्हणून डॉक्टरांनी इसबगोल दिला. मग लीद आणि पाचोळ्याचा ढीग रचला. ताजी लीद थेट गवतावर पसरली तर तिच्यातल्या जंतांची अंडी भिंगरीच्या पोटात परत जातात, म्हणून आधी ती कुजवायची. पाचव्या दिवशी आबांनी ढिगात तापमापक खुपसला, तर साठ अंश! आग नाही, चूल नाही, ही नुसती जिवाणूंच्या कामाची ऊब. त्या उबेत अंडी मरतात आणि काही महिन्यांनी खत तयार होतं.

मैदानाच्या कडेनं आम्ही भिंगरीसाठी वाट आखली. एका टोकाला पाणी ठेवलं, दुसऱ्या टोकाला गव्हाण, म्हणजे ती दिवसभर आपोआप चालेल. घोड्याचं पोट चालण्यावर चालतं. मधल्या जागेचे चार तुकडे केले. एकात चरायचं, तीन विश्रांती घेणार, आणि गवत चार बोटं उरलं की पुढचं फाटक उघडायचं. पाणी अडावं म्हणून उतारावर आडवे चर खणले. हमीदचाचांनी पाच कोंबड्या दिल्या, वर म्हणाले, "आमच्या पसाऱ्याला हसत होतीस ना? घे, पसारा करणाऱ्या घे!" कोंबड्या लीद उकरून माश्यांच्या अळ्या खाऊ लागल्या.

झाडूराव मात्र कोंबड्यांच्या मागे झाडत फिरायचा. त्याचा शब्द बदलायचा राहिला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, नाक न दाबता, आणि म्हणाले, "झाडूराव, माझं चुकलं. लीद म्हणजे घाण नव्हे. लीद म्हणजे उद्याचं गवत. ती ढिगावर न्यायची."

"नोंद घेतली," तो म्हणाला.

दर रविवारी आम्ही बरणी भरायचो. होळीला तळाचा थर नखाएवढा होता. पावसाळ्यात चर तुडुंब भरले आणि चारही तुकडे हिरवे झाले. दिवाळीच्या आदल्या रविवारी नीलांबरीताईंनी बरणी उजेडात धरली. तळ अगदी स्वच्छ होता. वर्षभरात एकदाही कळ आली नव्हती.

"आश्रमाला कळवून टाकते," त्या म्हणाल्या, "की भिंगरीबाई येणार नाहीत." बाबांनी चटकन तोंड वळवलं आणि खरारा सुरू केला, तो बराच वेळ केला.

चंद्रावरच्या लोकांनी आबांकडून आमचा खडूचा नकाशा मागवला आहे. तिथे घोडा कधी जाईल ते माहीत नाही, पण मी मोठी झाल्यावर गवत लावायला नक्की जाणार आहे.

परवा एक पाहुण्या बाई भिंगरीजवळून जाताना थबकल्या आणि नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "शी! केवढी ही घाण!"

झाडूराव घमेलं घेऊन धावत आला. लीद अलगद उचलली आणि अदबीनं म्हणाला, "माफ करा, बाई. तुम्हाला शब्द चुकीचा शिकवलाय."