वापरात असलेली फाइल

"लाईट आली की हा फॉरमॅट मारून टाकू का, काका?"

वा! काय पण हुशारी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरून दहा मिनिटं झाली नाहीत, त्याला नीट चार प्रश्न विचारले नाहीस, आणि निघाली पुसायला. फाइलींची खिडकी आपोआप मिटते म्हणे, तर अख्खं घरच पाडून टाका! बस खाली. तूही बस रे, चष्मेवाल्या. अंधारात काम होणार नाही, मला घरी जायची घाई नाही आणि तुम्हाला मी सोडणार नाही. ऐका आता. मी रचलेलं नाही हे. मला दोघांनी सांगितलंय, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोघांचं एकमेकांशी जुळतं.

तू बसली आहेस ना, त्याच खुर्चीवर सहा वर्षांपूर्वी एक जण बसायचा. डॉक्टर म्हणायचे सगळे त्याला. पदवी कुणी दिली? त्याची त्यानंच. कुठलाही कॉम्प्युटर आला की लांबूनच तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "व्हायरस." पंखा घरघरतोय? व्हायरस. कीबोर्डवर चहा सांडलाय? व्हायरस. आणि औषध एकच, फॉरमॅट. वर गिऱ्हाइकाला सांगायचं, तुमची डिस्कच गेली होती, आतलं सगळं आधीच गेलेलं. गिऱ्हाईक बिचारं आभार मानून जायचं, आणि हा दिवसभर कॉलर ताठ करून फिरायचा. मी दोनदा झापलं, तिसऱ्यांदा हाकललं. मग लागला घरोघरी जाऊन दिवे लावायला.

तर नोव्हेंबरातला मंगळवार होता. संध्याकाळी साडेसहाला हा एका घरी कॉम्प्युटर बघायला गेला. बसचा निवृत्त ड्रायव्हर, सत्तरीचा, एकटाच राहणारा. कॉम्प्युटर कुठं ठेवला होता? स्वयंपाकघरात. शेगडीपासून दोन हातांवर, वर प्लॅस्टिकचं झाकण. डॉक्टर दारातूनच हसला.

"काय आजोबा, भाजी चिरता की काय ह्याच्यावर?"

"नाही हो," ड्रायव्हर म्हणाला. "आमची मंडळी आहे आत."

मंडळी म्हणजे त्याची बायको. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे बाईच म्हणायचे. त्यांना घशाचं दुखणं झालं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही असं सांगितलं. आता ह्या माणसानं उभ्या जन्मात बस सोडून दुसरं काही चालवलेलं नव्हतं. घरातलं मीठ कुठं असतं ते माहीत नाही. बाईंना नवऱ्याची अक्कल पुरती ठाऊक. त्यांनी ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस फोन हातात धरून घरभर फिरत छोटे छोटे व्हिडिओ करून ठेवले. "अहो, चहाला पाणी आधी. आधी म्हणजे आधी." "अहो, गोळ्या ह्या डब्यात, आणि डबा तुमच्या नाकासमोर आहे." "अहो, झोपताना शेगडी बघा, मग दार बघा, मग परत शेगडी बघा." पुढं आवाज गेला, वर्षभरात बाईही गेल्या. त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. हा माणूस रोज सकाळी कॉम्प्युटर लावून, बायकोला विचारून चहा करायचा. चहा कधीच यायला लागला असणार त्याला. तरी विचारायचा.

आणि आठवडाभर ती फाइलींची खिडकी मिटायला लागली होती. कधी उघडल्या उघडल्या, कधी चार मिनिटांनी. बाकी सगळं चालू, हीच तेवढी पटकन नाहीशी. कधी मिटेल त्याचा नेम नाही.

आता सांग, शहाणे, काय असेल? ... बोल की. ... मघाशी तर फार घाई होती. अगं, एखादी व्हिडिओ फाइल बिघडलेली असते. खिडकी प्रत्येक फाइलचं छोटं चित्र काढून दाखवायला बघते, त्या एकीशी अडखळते आणि आडवी होते. चित्रं बंद करायची, नुसती नावांची यादी ठेवायची, मग खिडकी टिकते. मग निम्म्या फाइली दुसऱ्या फोल्डरात हलवायच्या, चित्रं परत चालू करायची आणि बघायचं कुठल्या निम्म्यात मिटते. त्यातल्या परत निम्म्या. अर्ध्या तासात ती एक सापडते. पण त्याला डोकं लागतं, आणि डोक्याआधी समोरच्याचं ऐकून घ्यायला कान लागतात. डॉक्टरकडं दोन्हींचा दुष्काळ.

"व्हायरस," तो म्हणाला. "घरी नेतो. सकाळी आणून देतो."

"आतल्याला हात लावू नका हं," ड्रायव्हर म्हणाला. "तिचा फोन केव्हाच बिघडला. दुसरीकडं कुठंच नाही ते. तेवढंच आहे."

"आजोबा, मला शिकवू नका. एक फाइल हलणार नाही."

असं म्हणाला. तोंड वर करून म्हणाला, निलाजरा.

दुसऱ्या मजल्यावर ह्याची दोन खोल्यांची जागा. बायको माहेरी गेलेली. अकरा वाजता जेवून बसला आणि आत काय आहे ते न बघताच पुसायला लावलं. नुसतं वरवर पुसलं असतं तर मी काढून दिलं असतं परत. ह्या महाभागानं सगळी डिस्क कोपऱ्या-कोपऱ्यातून घासून काढली आणि वर नवी सिस्टीम भरली. सकाळी काय थाप मारायची ती पाठच होती.

दोन वाजून आठ मिनिटांनी काम संपलं. त्यानं जांभई दिली आणि सगळं ठीक आहे ना म्हणून फाइलींची खिडकी उघडली.

मिटली.

परत उघडली. मिटली. ह्यानं शिवी हासडली. चित्रं बंद केली, नुसती यादी ठेवली... हो, येत होतं त्याला! सगळं येत होतं. दुसऱ्याच्या घरी करायचा कंटाळा होता फक्त. आता रात्री दोन वाजता गुमान केलं.

खिडकी टिकली.

आत एक फाइल होती.

बघा हं. डिस्क पुसलेली. सिस्टीम नवी कोरी. त्यात एक व्हिडिओ. तारीख त्याच रात्रीची. वेळ, दोन वाजून नऊ मिनिटं. त्यानं घड्याळात बघितलं. दोन वाजून दहा झाले होते.

फाइल बारा एमबीची होती. त्याला वाटलं, राहिलं असेल काहीतरी कचऱ्यासारखं. पुसायला गेला. पडद्यावर आलं, ही फाइल वापरात आहे, पुसता येणार नाही.

वापरात? कुणाच्या?

त्यानं यादी ताजी केली. एकोणीस एमबी.

परत केली. सव्वीस.

तेहतीस.

फाइल वाढत होती, पोरांनो. कुणीतरी... भरत होतं. आणि त्या डब्याला कॅमेरा नव्हता. माइक नव्हता. इंटरनेटची वायरसुद्धा जोडलेली नव्हती.

त्यानं पुसायचं बटण दाबलं. वापरात आहे. दाबलं. वापरात आहे. दाबलं...

त्याच्या मागं स्वयंपाकघराचं दार होतं. उघडं. त्याला वाटलं, वळून बघावं. मान वळेना. मघाचा उस्ताद! नुसता बसून आकडे बघत राहिला. चाळीस. सत्तेचाळीस.

मागून काही आवाज नाही. पाऊल नाही. काही नाही.

दोन वाजून पंधरा मिनिटांनी त्यानं खाली वाकून भिंतीतली वायर ओढली. सगळं बंद. अंधार. मग तिथंच, टेबलाखाली, पाय पोटाशी घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिला. लोकांची घरं पुसणारा माणूस, टेबलाखाली!

साडेसातला दार वाजलं. ड्रायव्हर. ह्यानं पोचवायची वाट तो कसली बघतोय? त्याचा चहा व्हायचा होता. डॉक्टर रात्रभर टेबलाखाली बसलेला, तरी खोड जाते का? सुरू झाला, "आजोबा, तुमची डिस्कच आधी..."

"लावा तरी," ड्रायव्हर म्हणाला.

काय करतो? वायर लावली. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. आत ती एक फाइल. बाकी काही नाही. ड्रायव्हरनं इकडं शोधलं, तिकडं शोधलं. एवढे सगळे व्हिडिओ, एक नाही. शेवटी जे होतं तेच त्यानं उघडलं.

पडद्यावर हीच खोली. हेच टेबल. स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं तशी. टेबलाशी डॉक्टर पाठमोरा, डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसताहेत. बटण दाबतोय. परत दाबतोय. चित्र जरा हलतं, फोन हातात धरून उभं राहिलं की हलतं तसं.

आणि बाईंचा आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, वर्गात शिकवतानाचा, खणखणीत.

"अहो. ह्याच्या हातात दिलंत मला?"

एवढंच. पुढं नुसती ती खोली, आणि हा माणूस बटण दाबतोय.

डॉक्टर माफी मागायला गेला, पण ड्रायव्हरचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ड्रायव्हर उठला, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला. चौकटीला हात लावून बघितला.

"इथं उभी होती?"

डॉक्टर चौकटीपासून मागं सरकला.

"चौदा महिने झाले," ड्रायव्हर म्हणाला. "मी रोज तिथं तिच्या शेगडीपाशी बसतो. रोज. माझ्याकडं नाही आली एकदाही." मग म्हणाला, "तुमच्याकडं आली."

रागानं नाही म्हणाला. डॉक्टर म्हणतो, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो ना, मग तू म्हणाला असतास फिटलं सगळं.

हल्ली तो छत्र्या दुरुस्त करतो. छत्रीत काही पुसायला नसतं, म्हणून तिथं खपतोय.

मला ती फाइल ड्रायव्हरनं स्वतः दाखवली. त्याच्या स्वयंपाकघरात, तोच कॉम्प्युटर. डॉक्टर वाकतो, वायर ओढतो आणि पडदा काळा होतो, तिथपर्यंत. मग त्यानं बोट ठेवून थांबवली आणि मला म्हणाला, "आता उठा तुम्ही."

"मग संपलीच ना फाइल, काका? वायरच काढली म्हटल्यावर..."

अगं, तेच तर. मशीन सहा मिनिटांत बंद पडलं होतं. भिंतीत वायर नव्हती. ... मी उठता उठता खालची लांबी बघितली.

एकतीस मिनिटं.

... 

"पुढच्यात काय आहे?"

मला नाही माहीत. कुणालाच ऐकू देत नाही तो. सकाळी चहा ठेवतो, ती पंचवीस मिनिटं लावतो. दार लावून.