चौथ्या चौकटीतलं झाड

कॅमेरा बिघडला म्हणून फोन आला की नागसेन आधी एकच गोष्ट सांगायचा, "पिन निघाली का पाहा बरं." बहुतेक वेळा पिनच निघालेली असायची. नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली असायची, अडॅप्टरमध्ये मुंग्यांनी संसार थाटलेला असायचा, किंवा एखादी पाल लेन्सवरच निवांत झोपलेली असायची. कुरखेड्याला बसस्टँडमागे त्याचं दुकान होतं आणि आसपासच्या गावांतल्या राईस मिल, शाळा, सोसायट्या यांचे कॅमेरे त्याच्याच हातचे होते. भुताटकीच्या तक्रारीही यायच्या. एका मिलमालकाला रोज पडद्यावर पांढरी बाई दिसायची. नागसेनने लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं पुसलं आणि बाई जी गेली ती गेलीच. त्याच्या घरातून देव आणि भुतं दोघांनाही आजोबांच्या काळातच रजा मिळाली होती. याचा त्याला अभिमान होता, जरा जास्तच होता म्हणा ना.

म्हणून कोहकाटोल्याच्या करिश्माचा फोन आला तेव्हाही त्याने पिनेचंच विचारलं.

"पिन लागून आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुमी येऊनच पाहा. आज्याचं नाव खराब होऊन राह्यलं इथी."

करिश्मा ग्रामसभेच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. तिचा आजा लच्छू हा ग्रामसभेच्या गोदामाचा चौकीदार. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे तिच्या घरात माणूस म्हणून हा एक म्हातारा. उन्हाळ्यात सगळं गाव मोहफुलं वेचायचं, वाळवायचं आणि गोदामात पोत्यांनी भरून ठेवायचं. चांगला भाव आला की ग्रामसभाच विकायची. यंदा दिवाळी झाली, धान कापायला आलं आणि कोणीतरी एक पोतं हलवून पाहिलं तर ते हलकं लागलं. मग दुसरं, मग तिसरं. गाठी तशाच, शिवण तशीच, पण आतला मोह निम्म्यावर आलेला. कुलपाची किल्ली एकट्या लच्छूच्या कमरेला. सोमवारी ग्रामसभा बसणार होती, आणि म्हातारा चोर ठरू नये यासाठी करिश्माजवळ त्या कॅमेऱ्यांखेरीज काही नव्हतं.

नागसेन मोटारसायकलने निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे कळपे, न बांधलेल्या मुठी, उन्हात पडले होते आणि ओल्या तणसाचा वास जंगलापर्यंत सोबतीला होता. कोहकाटोला रिकामा होता, सगळे धानाच्या बांधीत, कापणीला. गोदामाला लागून असलेल्या खोलीत खिडकीशी लच्छू बसला होता आणि बांबूच्या ओल्या कामट्यांची टोपली विणत होता. वीतभरही झाली नव्हती.

"कोणासाठी, बाबा?" नागसेनने पिशवी खाली ठेवत विचारलं.

"नातनीसाठी, भाऊ. पोरगी म्हणते मी मोह वेचाले जात नाई, कॉम्प्युटर करतो. तरी आपली टोपली तं पाह्यजे का नाई माणसाले?"

"आजा, काम करू दे त्यायले," करिश्मा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते.

पडद्यावर चार चौकटी होत्या. फाटक, गोदामाचं दार आणि गोदामाचं आतलं, या तिन्ही ठीक होत्या, आणि त्यांत गोदामात शिरताना कोणी दिसलं नव्हतं. चौथा कॅमेरा मागच्या अंगणावर होता. मोह वाळवायला तिथे सिमेंटचं अंगण घातलेलं. त्या चौकटीत नुसते करडे ठिपके नाचत होते. नागसेनने मागचं रेकॉर्डिंग उघडलं. ठिपके हळूहळू बसत गेले, पाण्यातला गाळ बसावा तसे, आणि चित्र दिसू लागलं.

चित्रात एक झाड होतं. जुनं, ऐसपैस मोहाचं झाड. खालची जमीन झाडूनपुसून लख्ख केलेली.

"हे कुठलं?"

"आपलं मागचं आंगण," करिश्मा म्हणाली.

नागसेनने खिडकीतून पाहिलं. बाहेर उघडं, पांढरंफटक सिमेंट तापत होतं. झाड तर सोडाच, काडीही नव्हती.

चित्रात एक बाई आली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर टोपली. ती वाकली आणि टोपलीतली वाळकी, तपकिरी फुलं जमिनीवर पसरू लागली. शेतात बी टाकावं तशी, मुळीच घाई न करता. मग ती फुलं फिकट पिवळी झाली, टपोरी झाली आणि एकेक करून वर उठली. फांद्यांपर्यंत गेली आणि तिथे राहिली. बाई पुन्हा गोदामाच्या दिशेने चालत गेली.

रेकॉर्डिंग उलटं चालतंय, नागसेनला वाटलं. त्याला हायसं वाटलं खरं, पण कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद सरळ पुढे चालले होते. झाडाखालून एक कोंबडीही सरळ पुढेच चालत गेली.

"जुन्या डिस्कवर दुसऱ्या कोणाचं राहिलेलं असतं कधीकधी," तो म्हणाला. म्हणताना त्याला आठवलं की ही डिस्क त्याने स्वतः सीलबंद आणून बसवली होती. "शिवाय डिस्क भरली की यंत्र आपोआप जुनं पुसते आणि नवं लिहिते. त्यात गडबड होऊ शकते."

"जुनं पुसते?" करिश्माने विचारलं.

"सगळ्यात जुनं आधी."

त्याने यंत्रातल्या घड्याळाची बॅटरी बदलली. वायरीची टोकं कापून नवी बसवली. मग फाटकावरचा कॅमेरा काढून मागे लावला आणि मागचा फाटकावर. मागचा कॅमेरा फाटक अगदी स्वच्छ दाखवू लागला, आणि फाटकावरचा, जो आजवर बिचारा शेळ्या आणि सायकली दाखवत होता, तो मागे जाताच झाड दाखवू लागला. दोष कॅमेऱ्यात नव्हता. वायरीत नव्हता. यंत्रात नव्हता. उरली ती जागा, आणि जागा दुरुस्त करायला नागसेन शिकला नव्हता.

लच्छूने कामटी दातात धरून सरळ केली. "मंगलीबाई होय ते," तो म्हणाला.

म्हातारा खाली पाहूनच सांगत राहिला.

"आमच्या इथी मोहाचं झाड कोणाच्याही वावरात राहो, सरकारी जंगलात राहो, त्याले घर असते. ज्या घराचं झाड त्याच घरानं वेचाव. दुसरा फूल उचलत नाई. मंगलीले लेकरू नोह्यतं. मले भाऊ मानलं होतं तिनं. मराच्या आंधी माह्या हातात झाड देलन. म्हणे, माह्यं झाड पाह्यजो."

"मग?"

"मग गोदामाची जागा ठरली. दादाजी अध्यक्ष, त्यानं भर सभेत विचारलन, कोणाचं हाय गा हे झाड? कोणाचं असन तं बोला, दुसरी जागा पाहू. भला माणूस तो. त्या सभेतच मले चौकीदारी देतो म्हणे, अन् हे पोरगी कालेजात जाऊन राह्यली होती. मी मान खाली घातलो. झाड कापलं. आता मंगली आपलं ते नेऊन राह्यली, तिले चोर कसा म्हणू? सोमवारी मीच नेलो म्हणून सांगतो."

"काऊन सांगशीन तू?" करिश्मा एकदम उसळली. "तुले चोर म्हणतीन सगळे! मी कशी राहू मंग?" आणि ती ढसाढसा रडायला लागली. म्हाताऱ्याने टोपली बाजूला ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. नागसेनला फार वाईट वाटलं. पोरीच्या रडण्यापुढे त्याला आपली सगळी हत्यारं अगदीच कुचकामी वाटली.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो उठला. कॅमेरा बसवला की शेवटी त्याची एक रीत असायची. स्वतः कॅमेऱ्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि पडद्याशी बसलेल्याला फोनवर विचारायचं. "मी मागे जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. "तू पडद्यावर पाहून सांग."

मागे ऊन रखरखत होतं. खांबाची सावली पडली होती, पाण्याच्या बादलीची पडली होती. अंगणाच्या मधोमध सिमेंट थोडं फुगलेलं होतं. खालचं खोड असावं. नागसेन तिथे उभा राहिला आणि त्याने फोन कानाला लावला.

"दिसतो का मी?"

"दिसता, भाऊ."

"आणि झाड?"

"तुमी झाडाखालीच उभे आहा."

त्याने वर पाहिलं. वर आभाळ होतं, रिकामं.

मग त्याने खाली पाहिलं. खांबाची सावली होती, बादलीची होती. त्याची नव्हती. सावलीत उभ्या असलेल्या माणसाची नसते, तशी.

मानेला गार लागत होतं. आणि वास येत होता, चैत्रातल्या पहाटेसारखा, ओल्या मोहाचा. इतका गोड की त्याला डोळे मिटावेसे वाटले. इथेच टेकून पडावं, असं वाटलं. भीती वाटायला हवी होती, पण ती कुठेतरी लांब होती.

"बाई आली, भाऊ," फोनवर करिश्मा हळूच म्हणाली. "तुमच्या बाजूनं जाऊन राह्यली."

खांद्यावर काहीतरी मऊ पडलं. त्याने पाहिलं नाही.

"ते कोणाले तरी बलावून राह्यली." मग वेगळ्याच आवाजात, "आजा?"

"काय झालं?"

"आजा, तू इथी होता ना रे?"

नागसेन धावला.

खोलीत करिश्मा एकटी होती. खुर्चीखाली लच्छूच्या चपला होत्या, एकमेकींना लावून ठेवलेल्या. खिडकीच्या पाटावर ती अर्धवट टोपली होती.

चौथ्या चौकटीत लच्छू अनवाणी उभा होता. त्याने पाल्याची एक डहाळी उचलली आणि झाडाखालची जागा झाडायला घेतली. मध्येच थांबून तो बाईला काहीतरी बोलला. या कॅमेऱ्यांना आवाज नसतो. बाईने मान हलवली.

मग ठिपके आले आणि चित्र गेलं.

नागसेनने बाकीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. फाटकातून कोणी बाहेर गेलं नव्हतं. गोदामाच्या दाराकडेही कोणी फिरकलं नव्हतं.

गावाने जंगल पालथं घातलं. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. आणि सोमवारी ग्रामसभेसमोर गोदाम उघडलं तेव्हा पोती भरलेली होती. तोंडापर्यंत, ताठ. दादाजींनी एक पोतं सोडलं. वरचा थर ओला होता. फिकट, रसरशीत, आत्ताच पडलेली फुलं, ऐन कार्तिकात. त्यांनी एक फूल उचललं, वास घेतला आणि जपून परत ठेवलं.

"लच्छूवर चोरीचा डाग नाई," ते भर सभेत म्हणाले. मागच्या अंगणाकडे कोणी पाहिलं नाही. नंतरही तिथे कोणी मोह वाळवायला गेलं नाही.

चौकीदारी करिश्माला मिळाली. नागसेनने दुकानात कोणाला काही सांगितलं नाही. भुताटकीची तक्रार आली तर तो आता पूर्वीसारखा हसायचा नाही, मुकाट्याने जाऊन जाळं पुसून यायचा. थंडी सरत आली तेव्हा करिश्माचा फोन आला.

"भाऊ, डिस्क भरली का जुनं पुसते म्हणाले होते ना तुमी?"

"हो."

"मंग मोठ्यातली मोठी आना. आज्याचं काहीच पुसाले नाई पाह्यजे."

नाही म्हणावं असं त्याच्या मनात आलं. पण ते तिला कोणत्या तोंडाने म्हणणार? तो गेला.

खोली झाडून स्वच्छ केलेली होती. करिश्मा पडद्यासमोर बसली होती, आजाच्या खुर्चीत. चपला खाली तशाच होत्या. फाटक, दार, आतलं गोदाम, आणि चौथ्या चौकटीत झाड, फुलांनी भरलेलं. बुंध्याला टेकून लच्छू बसला होता. मान खाली, हात चाललेले. हातात काय आहे ते दिसत नव्हतं. कॅमेरा तेवढा चांगला नव्हता.

"काय करून राह्यले बाबा?"

"रोज तेच करते," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता. "आता बरं वाटते मले, भाऊ. दिवसभर दिसते तं खरं."

नागसेनने यंत्र उघडलं, जुनी डिस्क काढली, नवी बसवली. पेचकस घ्यायला त्याने खिडकीच्या पाटाकडे हात नेला आणि तो टोपलीला लागला.

तेव्हा ती वीतभरही नव्हती, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता ती भरून वर आली होती. बांबूच्या कामट्या हिरव्या होत्या, आणि बोटाला ओल लागली.

"हे तू विणून राह्यली का, करिश्मा?"

"मले कुठी येते विणता?" पडद्यावरची नजर न काढता ती हसली.

टोपलीचा फक्त काठ बांधायचा राहिला होता.